खाणीवरच्या माणसांचा विमा कुठे?

संपादक महोदय,

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि महिनाभरात आमच्या डिचोली तालुक्यातले खनिज वाहणारे ट्रक थांबले. भावाचा ट्रक अजून अंगणात आहे. टायर मातीत रुतलेत, टपावर दुधीचा वेल चढलाय. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याने रोजगार विनिमय केंद्रात नाव घातले. बोलावणे आले नाही.

ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, पण फक्त विमाधारक कामगाराला. स्वतःचा ट्रक चालवणारा, गॅरेजवाला, चहाच्या गाड्यावरची बाई, यांचे काय? लिलावानंतर काही पट्टे सुरू झालेत. तिथे या जुन्या माणसांना आधी घ्या.

— एक वाचक, डिचोली