पक्षीगणनेच्या सकाळी ड्रोन नको

संपादक महोदय,

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला यंदा येरळवाडी तलावावर आम्ही गावकरीही उतरलो. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढा तुकडा नजरेत धरून पुढचे अंदाजायचे; दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे ताडायचे. चांदव्यांची, म्हणजे पाणकोंबडीसारख्या काळ्या पक्ष्यांची, मोजणी सोपी. पट्टकादंब हे रानहंस मात्र हिमालय ओलांडून येतात आणि रात्री आमच्याच हरभऱ्यात चरतात (चरू देत, पण पाहुण्यांनी बांध तरी सोडावा!). तेवढ्यात रोहित पक्ष्यांच्या व्हिडिओसाठी कुणीतरी ड्रोन सोडला. सगळा थवा उठला, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वनविभागाने गणनेच्या सकाळी तरी काठावर ड्रोनला मनाई करावी आणि नोंदींचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

– एक शेतकरी, ता. खटाव, जि. सातारा