एमपी४ हा कोडेक नव्हे

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ एडिटिंगमधील नेहमीच्या संज्ञांची ओळख करून देणारा लेख वाचला. या विषयावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, त्यामुळे लेखाचा आनंदच झाला. मात्र त्यातील काही व्याख्या चुकल्या आहेत आणि रोज टाइमलाइनवर, म्हणजे चित्रफितींचे तुकडे क्रमाने जोडायच्या पट्टीवर, बसणारा माणूस म्हणून त्या दुरुस्त व्हाव्यात असे मला वाटते.

सर्वांत ठळक चूक ‘एमपी४ कोडेक’ या शब्दप्रयोगात आहे. एमपी४ काय किंवा एमओव्ही काय, हे कंटेनर आहेत, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र ठेवण्याचे डबे. आतले चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवले आहे हे कोडेकवरून कळते, आणि तो एच.२६४ असेल, एच.२६५ असेल किंवा आणखी निराळा. हा फरक पुस्तकी नाही. मागे एक गृहस्थ माझ्याकडे न चालणारी फाइल घेऊन आले होते. त्यांनी नावापुढचे एमओव्ही खोडून एमपी४ लिहून पाहिले होते, तरी पडदा काळाच, आवाज तेवढा येत होता. आतला कोडेक एच.२६५ होता आणि त्यांच्या जुन्या संगणकाला तो उलगडता येत नव्हता. डब्यावरची चिठ्ठी बदलून काय होणार? एच.२६४मध्ये ट्रान्सकोड करून, म्हणजे कोडेक बदलून नवी फाइल बनवून, दिल्यावर तोच व्हिडिओ सुरळीत चालला.

टाइमलाइनवर चित्र अडखळते त्याला लेखात ‘रॅम वाढवा’ एवढाच उपाय दिला आहे. एच.२६४सारखे कोडेक साधारणपणे मोजक्याच फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रे) पूर्ण साठवतात आणि मधल्या फ्रेमसाठी आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढीच नोंद ठेवतात. त्यामुळे फाइल लहान होते खरी, पण प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरचा सरकता काटा, मागे ओढला की एकच फ्रेम दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून सगळा हिशेब पुन्हा मांडत यावे लागते. यावर कामाचा उपाय म्हणजे प्रॉक्सी: एडिटिंगला सोप्या अशा हलक्या प्रती तयार करून त्यांच्यावर काम करायचे आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडायच्या. प्रॉक्सीचा लेखात उल्लेखही नाही, याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटले.

अशा पूर्ण साठवलेल्या फ्रेमलाही की-फ्रेम म्हणतात आणि पडद्यावर हळूहळू उमटणाऱ्या शीर्षकासाठी आपण पहिल्या फ्रेमवर अपारदर्शकता ० आणि पंचविसाव्या फ्रेमवर १०० अशा ज्या खुणा करतो त्यांनाही की-फ्रेमच म्हणतात. लेखकाने दोन्ही एकच मानल्या आहेत. एक्सपोर्टच्या खिडकीत दिसणारे की-फ्रेमचे अंतर पहिल्या अर्थाचे आहे. ते बदलल्याने शीर्षकाच्या हालचालीत काहीही फरक पडत नाही.

‘ड्रॉप-फ्रेम म्हणजे काही फ्रेम गाळणे’ हेही खरे नाही. सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या व्हिडिओत टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा क्रमांक, ३०च्या हिशेबाने मोजला, तर तासाभरात तो घड्याळापेक्षा १०८ फ्रेमने, म्हणजे सुमारे साडेतीन सेकंदांनी, मागे पडतो. म्हणून ड्रॉप-फ्रेम पद्धतीत दर मिनिटाला दोन क्रमांक वगळले जातात आणि दर दहाव्या मिनिटाला मात्र ते तसेच ठेवले जातात. वगळले जातात ते क्रमांक. चित्रातली एकही फ्रेम जात नाही.

जाता जाता एक शब्दाची गोष्ट. लेखात सर्वत्र ‘व्हिडिओ संपादन’ म्हटले आहे. इंग्रजीत वृत्तपत्राचा आणि चित्रपटाचा एडिटर एकाच नावाने ओळखला जातो. मराठीने मात्र आपल्याला संपादक आणि आम्हाला संकलक म्हणून वेगवेगळ्या खुर्च्या दिल्या आहेत. टाइमलाइन, रेंडर, कोडेक हे शब्द जसेच्या तसे वापरण्यास माझी हरकत नाही, कारण कामाच्या जागी आम्ही तेच बोलतो. पण संकलन हा शब्द रुळलेला असताना तो का टाळावा, हे कळले नाही.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापण्यास जागा कमी असल्यास निदान एमपी४ची ओळ तरी सुधारून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक व्हिडिओ संकलक