तक्रार पत्र: किरकोळ अपडेटमध्ये स्टेटस कोड बदलल्याबाबत

नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सहाय्य विभाग

विषय: एपीआयचे (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या सोयीचे) रिस्पॉन्स फॉरमॅट करणाऱ्या आपल्या लायब्ररीच्या ३.४.२ या आवृत्तीबद्दल तक्रार

महोदय,

आम्ही नाशिकमध्ये द्राक्ष पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर बनवतो. आपल्या लायब्ररीचं लायसन्स पैसे मोजून घेतलेलं आहे आणि आमच्या सर्व्हरचं प्रत्येक उत्तर तिच्यातूनच बाहेर पडतं. ३.४.१ पर्यंत तक्रारीला जागा नव्हती. ३.४.२ बसली आणि एरर असो वा नसो, सगळी उत्तरं ‘सगळं ठीक’ सांगणाऱ्या २०० या स्टेटस कोडने जाऊ लागली. काय चुकलं ते आत बॉडीत, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, ‘सक्सेस: फॉल्स’ एवढ्यावर.

यात आमचं काय झालं ते सांगतो. दिंडोरीकडच्या बागांत रेंज येते-जाते. म्हणून सुपरवायझरने केलेली क्रेटची नोंद ॲप आधी फोनमध्येच ठेवतं, रेंज आली की सर्व्हरला पाठवतं आणि २०० आला की फोनमधली प्रत पुसतं. निर्यातीच्या मालाला प्लॉटचा नोंदणी क्रमांक लागतो. तो रिकामा असेल तर सर्व्हर नोंद नाकारतो. पूर्वी अशा वेळी ‘माहितीत चूक आहे’ सांगणारा ४२२ जायचा, नोंद ॲपमध्ये लाल दिसायची आणि सुपरवायझर क्रमांक भरून ती पुन्हा पाठवायचा. आता नाकारलेल्या नोंदीलाही २०० गेला, ॲपने ती पुसून टाकली. म्हणजे सर्व्हरवर नाही आणि फोनमध्येही नाही. रजिस्टर पत्र परत यावं आणि पोस्टमनने ‘पोहोचलं’ म्हणून पोचपावती हातात ठेवावी, तसला प्रकार. पॅकहाउसवर क्रेट जास्त, नोंदी कमी. ऐन हंगामात बागायतदार वजनाची चिठ्ठी मागत समोर उभा, त्याला काय सांगायचं?

लॉगिनची मुदत संपल्यावर जाणारा ४०१ सुद्धा २०० झाला. सर्व्हरच्या आतल्या बिघाडाचे ५०० मालिकेतले कोडही २०० झाले, म्हणून त्यांच्यावर वाजणारा आमचा अलार्म वाजलाच नाही. इकडे नोंदी गायब होत होत्या आणि डॅशबोर्ड हिरवागार.

आपल्या सहाय्य विभागाने कळवलं की ‘सक्सेस’ फील्ड तपासा आणि ऑटो अपडेट बंद ठेवा. अहो, आम्ही फक्त तिसरा आकडा आपोआप बदलू देतो. सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्तीला आकडे देण्याच्या पद्धतीत तो आकडा जुनं काही न मोडणाऱ्या दुरुस्त्यांसाठीच असतो, आणि ही पद्धत पाळतो असं आपल्याच माहितीपत्रकात लिहिलंय. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, याबद्दल काय होतं? ‘प्रतिसादांत सुसूत्रता आणली.’ बस.

कायम २०० पाठवायची रीतच चूक, असं माझं म्हणणं नाही. ग्राफक्यूएल या वेगळ्या एपीआय पद्धतीचे कित्येक सर्व्हर तसंच करतात, पण तिथे ॲप लिहिणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. साध्या एचटीटीपी एपीआयसाठी आरएफसी ९४५७ हा २०२३ सालचा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज आहे. त्यानुसार बॉडीतला स्टेटस केवळ माहितीपुरता, आणि सर्व्हरने खऱ्या उत्तरातही तोच कोड पाठवायला हवा. आपल्याला वेगळा रस्ता धरायचा असेल तर खुशाल धरा; पहिला आकडा बदलून ४.० काढा, आणि बदल सेटिंगमध्ये ठेवा, तोही मुळात बंद.

तरी ३.४.२ मागे घेऊन जुनं वागणं असलेली ३.४.३ तातडीने द्यावी आणि ३.४.२ वापरणाऱ्या सर्व ग्राहकांना ईमेलने स्पष्ट शब्दांत कळवावं. आमच्यासारखे आणखी कितीजण हिरवा डॅशबोर्ड बघत बसले असतील कोण जाणे. हे जमणार नसेल तर लायसन्सच्या उरलेल्या मुदतीचे पैसे परत करावेत. तोवर आम्ही ३.४.१ वरच राहणार आहोत, आणि नूतनीकरणाचं बिल पाठवू नये.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे. ‘तिकीट बंद केलं’ असा आपोआप येणारा ईमेल उत्तर म्हणून धरला जाणार नाही.

आपला,
लायसन्सधारक ग्राहक, नाशिक

सोबत: एकाच विनंतीला दोन्ही आवृत्त्यांनी दिलेल्या उत्तरांचे लॉग