गोवा धर्मप्रांत जेव्हा फुंशालच्या अखत्यारीत होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोवा आणि वसई येथील ख्रिस्ती धर्मसंस्थेचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तेव्हा तो बहुधा १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतल्यापासून सुरू होतो, तेथून थेट १५४२ मधील सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या आगमनावर येतो आणि १५५८ मध्ये गोवा महाधर्मप्रांत (म्हणजे इतर बिशपांच्या धर्मप्रांतांवर देखरेख करणाऱ्या आर्चबिशपचा धर्मप्रांत) झाल्याची नोंद करून पुढे सरकतो. मधल्या काळात येथील धर्मगुरूंवर नेमका कोणाचा अधिकार चालत होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर अटलांटिक महासागरातील मदेरा या बेटावर, फुंशाल नावाच्या गावी सापडते. ते मराठी वाचकांसमोर यावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

मदेरा हे बेट आकाराने गोव्याच्या जेमतेम एक पंचमांश भरेल. पोर्तुगीजांनी तेथे १४२० च्या सुमारास वस्ती केली. पोर्तुगीज भाषेत ‘मदेरा’ म्हणजे लाकूड. पण ज्या रानावरून बेटाला हे नाव पडले, त्यातले बरेचसे रान तोडून त्यांनी तेथे ऊस लावला. डोंगरकडे कोरून उसाला पाणी पोहोचवणारे पाट काढले गेले, आणि या कामांवर कॅनरी बेटांतून व आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसे राबली. फुंशालच्या नगरचिन्हावर आजही साखरेच्या पाच ढेपा आहेत. साखरेच्या याच भरभराटीच्या काळात राजा मानुएल पहिला याच्या आश्रयाने तेथील कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, उभे राहिले. त्याचे छत बेटावरच्याच लाकडाचे असून ते मूरिश पद्धतीच्या कोरीवकामाने भरलेले आहे. ज्यांच्या कष्टांवर ही समृद्धी उभी राहिली, त्यांचा उल्लेख त्या छताच्या वर्णनाबरोबर झालाच पाहिजे, असे मला वाटते.

आरंभी मदेराला स्वतःचा बिशप नव्हता. पोपने १४५६ मध्ये पोर्तुगालच्या ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या संघाला नव्या मुलखांतील धार्मिक अधिकार दिला होता, आणि त्या आज्ञापत्रात त्याची व्याप्ती ‘भारतीयांपर्यंत’ अशी लिहिलेली होती. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी बेचाळीस वर्षे, येथे कोणाला गंधवार्ताही नसताना, येथील माणसांचे धार्मिक पालकत्व पोर्तुगालमधील तोमार या गावी बसलेल्या एका मठाधिकाऱ्याकडे सोपवले गेले होते. पुढे १५१४ च्या मार्च महिन्यात राजा मानुएलने पोप लिओ दहावे यांच्याकडे त्रिस्तांव द कुन्याच्या नेतृत्वाखाली मोठे शिष्टमंडळ पाठवले. त्या मिरवणुकीत भारतातून नेलेला एक हत्ती होता. पोपसमोर आल्यावर त्याने तीन वेळा गुडघे टेकले आणि सोंडेत पाणी भरून जमलेल्यांवर उडवले. रोमला ते दृश्य पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले. त्याच वर्षी १२ जून रोजी पोपने फुंशाल धर्मप्रांताची स्थापना केली. मदेरापासून ब्राझील, आफ्रिकेचा किनारा आणि भारतापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात आलेला व पुढे येणारा सगळा मुलूख त्याच्या कक्षेत घातला गेला. गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडून तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.

या अफाट धर्मप्रांताचे पहिले बिशप दियोगु पिन्येरू हे तोमारचेच अधिकारी होते, आणि त्यांनी फुंशालला कधी पाऊलही ठेवले नाही. १५१७ मध्ये कॅथेड्रलचा अभिषेक झाला, तोही दुसऱ्या बिशपच्या हस्ते. जो बिशप आपल्या बेटावर गेला नाही, तो मांडवीकाठच्या नवख्रिस्ती माणसाची काय विचारपूस करणार होता?

या व्यवस्थेचा दुसरा टप्पा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १५३३ मध्ये फुंशालला महाधर्मप्रांताचा दर्जा देण्याचे ठरले आणि त्याच्या हाताखाली अझोर्स बेटांवरील आंग्रा, केप व्हर्द, सांव तोमे आणि गोवा असे चार नवे धर्मप्रांत आले. गोव्याच्या स्थापनेचे आज्ञापत्र पोप पॉल तिसरे यांनी ३ नोव्हेंबर १५३४ रोजी काढले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २३ डिसेंबरला, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. म्हणजे वसईत पोर्तुगीजांनी चर्चची घडी बसवायला सुरुवात केली तीच मुळी फुंशालच्या प्रांतात. गोव्याचे बिशप जुआंव द आल्बुकर्क १५३८ मध्ये येथे आले, १५४२ मध्ये झेवियर गोव्यात उतरले, वसई किल्ल्यातील १५४६ सालचे मानले जाणारे सेंट जोसेफ चर्च उभे राहिले, आणि या सर्व काळात कागदोपत्री वरिष्ठ आर्चबिशप फुंशालचा होता. किल्ल्यातल्या त्या उंच मनोऱ्याखाली मी अनेकदा उभा राहिलो आहे. त्याच्या वरच्या दरबाराचा दरवाजा अटलांटिकमधल्या एका साखरेच्या बेटावर होता, हे मला फार उशिरा कळले.

प्रत्यक्षात हा कारभार चालणे अशक्यच होते. लिस्बनहून वसंतात निघालेली जहाजे पावसाळा सरता सरता गोव्यास लागत आणि परतीची जहाजे हिवाळ्यात सुटत. धर्मन्यायालयातील एखादे अपील वर पाठवायचे आणि त्याचे उत्तर मिळवायचे, तर दीड वर्ष सहज जाई. फुंशालचे पहिले आणि एकमेव आर्चबिशप मार्तिन्यू द पोर्तुगाल हेही पोर्तुगालमध्येच राहिले आणि १५४७ मध्ये निधन पावले. त्यानंतर १५५१ मध्ये फुंशालचा हा दर्जा काढून घेण्यात आला आणि गोव्यासह त्याच्या हाताखालचे धर्मप्रांत लिस्बनला जोडले गेले. गोवा १५५८ मध्ये स्वतःच महाधर्मप्रांत झाले. कोची आणि मलाक्का त्याच्या हाताखाली आले. गोव्याला मिळालेल्या या मानाचे वर्णन आपल्याकडे नेहमी शहराच्या वैभवाने केले जाते. त्यामागे फुंशालचा फसलेला प्रयोग होता, हे त्या वैभवाइतकेच लक्षात घ्यायला हवे.

आज फुंशाल धर्मप्रांताकडे मदेरा, पोर्तू सांतू आणि आसपासची छोटी बेटे एवढेच क्षेत्र उरले आहे. २०१४ मध्ये त्याला पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या इतिहासात गोव्याचे नाव ठळकपणे येते. आपल्या इतिहासात त्यांचे नाव जवळजवळ येतच नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. गोवा, वसई आणि चौल येथील चर्चविषयी मराठीत लिहिणाऱ्यांनी १५१४ ते १५५१ या सदतीस वर्षांचा उल्लेख टाळू नये. निदान एक परिच्छेद तरी त्यासाठी राखावा. दुसरी विनंती पोर्तुगीज वाचू शकणाऱ्या आपल्या अभ्यासकांना आहे. फुंशाल कॅथेड्रलची जुनी दफ्तरे लिस्बनच्या तोर्रे दो तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गोव्याच्या इतिहासासाठी आपले संशोधक त्या इमारतीत जातच असतात. त्यांनी एखादा आठवडा फुंशालच्या कागदांनाही द्यावा आणि त्यांत गोवा-वसईविषयी जे काही हाती लागेल, ते मराठीत प्रसिद्ध करावे.

कळावे,
आपला नम्र,
वसई येथील एक वाचक