लॅनच्या जॅकमधला क्रॉसटॉक मोजल्याशिवाय बिल काढू नका

मा. संपादक,
स. न.

मराठवाड्यातल्या शाळांचे संगणक कक्ष, ऑनलाइन परीक्षा केंद्रे, ग्रामपंचायती, उपजिल्हा रुग्णालये, कुठेही गेले तरी ‘नेट चालत नाही’ ही तक्रार ठरलेली. बोट दाखवले जाते ते इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे. पण फायबर गावात पोहोचले तरी इमारतीच्या आतली शेवटची धाव तांब्याच्या लॅन केबलचीच असते, आणि तिथला बिघाड पुष्कळदा केबलच्या मधोमध नसतोच. तो असतो भिंतीवरच्या आरजे-४५ जॅकमध्ये, म्हणजे लॅनचा प्लग बसतो त्या आठ पिनांच्या खोबणीत, केबलचे आवरण जिथे सोलले त्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये. केबलमधल्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात, आणि तिथे एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत शिरतो. जुन्या लँडलाइनवर तिसऱ्याच माणसाचे बोलणे ऐकू यायचे, तोच हा क्रॉसटॉक. फोनवर तो कानाला कळायचा. संगणकाच्या लाइनवर पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि परीक्षेचे पान उघडता उघडत नाही. कारण मात्र कोणाला दिसत नाही.

काम पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून आपल्याकडे आठ दिव्यांचा छोटा टेस्टर दाखवला जातो. १ ते ८ दिवे क्रमाने लागले की लाइन ओके, बिल मंजूर. आमचा आक्षेप नेमका याला आहे. एका टोकाची पहिली पिन दुसऱ्या टोकाच्या पहिल्या पिनला जोडलेली आहे, एवढेच तो टेस्टर सांगतो. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. समजा, एखाद्याने दोन्ही टोकांना केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने बसवल्या. आठही दिवे बिनचूक लागतील. पण इथरनेटची एक जोडी ३ आणि ६ या पिनांवर चालते. या जोडणीत ३ वर हिरव्या जोडीतली तार आली आणि ६ वर निळ्या जोडीतली. म्हणजे सिग्नल जाणारी तार एका पिळात आणि परतणारी दुसऱ्याच पिळात. जोडीच्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा म्हणून पीळ दिलेला असतो, तो उपयोगच संपला. अशी लाइन थोड्या अंतरावर १०० एमबीपीएसला कशीबशी चालते. केबल लांब झाली किंवा गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) स्विच लावला की कोसळते. याला स्प्लिट पेअर म्हणतात आणि आठ दिव्यांच्या टेस्टरवर ती कधीच पकडली जात नाही.

आठ पिनांवर तारांचा योग्य क्रम, म्हणजे केबलिंगच्या मानकातला टी-५६८-बी, असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टी-५६८-ए मध्ये फक्त केशरी आणि हिरवी जोडी जागा बदलतात. दोन्ही सारखेच चांगले. एका इमारतीत एकच वापरायचा, एवढी अट.

हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकवून का बसवायची, हा प्रश्न नवीन मुलांना हमखास पडतो. टेलिफोनच्या जॅकमध्ये मधल्या दोन पिना फोनच्या लाइनसाठी होत्या. ती सोय टिकवायची म्हणून ४-५ वर एक जोडी राहिली आणि पुढची जोडी तिच्या अलीकडे-पलीकडे ३-६ वर गेली. जॅकमधल्या क्रॉसटॉकचे मूळ इथे आहे. पिनांमधले अंतर जेमतेम १ मिलिमीटर. ३ च्या शेजारी ४, आणि ६ च्या शेजारी ५. तिसऱ्या पिनेवर धन सिग्नल असेल तेव्हा सहाव्यावर ऋण असतो. ३ मुळे ४ वर थोडा धन उमटतो, ६ मुळे ५ वर थोडा ऋण. ४-५ ही स्वतःच एक जोडी असल्यामुळे तिला हा फरक खऱ्या सिग्नलसारखाच दिसतो. म्हणून चार जोड्यांतून दोन-दोन घेऊन होणाऱ्या सहा जोडगोळ्यांपैकी ३-६ विरुद्ध ४-५ ही सर्वांत वाईट, आणि जॅक बनवणाऱ्यांची निम्मी मेहनत तिच्यावरच खर्च होते.

त्यावरचा उपाय सुंदर आहे. ३ चा सिग्नल ४ वर जितका उमटला, तितकाच मुद्दाम ५ वरही उमटवायचा. ६ चा तसाच ४ वर. दोन्ही तारांवर सारखेच पडले की जोडीतला फरक शून्य होतो. यासाठी कॅट-५ई च्या साध्या जॅकमध्ये (कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए हे केबल व जॅकचे चढते दर्जे) स्प्रिंगच्या पात्या एकमेकींवरून ओलांडून नेतात. कॅट-६ च्या जॅकमध्ये आत छोटी सर्किट प्लेट असते आणि तिच्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांतूनच ३-५ आणि ४-६ यांच्यात सूक्ष्म कपॅसिटर तयार केलेले असतात. अडचण येते ती वेळेची. क्रॉसटॉक होतो प्लगमध्ये आणि त्याची भरपाई होते काही मिलिमीटर पुढे जॅकमध्ये. १०० मेगाहर्ट्झला केबलमधल्या लाटेची लांबी साधारण २ मीटर असते, तिथे एक सेंटिमीटर नगण्य. कॅट-६ए च्या ५०० मेगाहर्ट्झला तीच लांबी ४० सेंटिमीटरवर येते आणि जाऊन-येऊन दोन सेंटिमीटरचा उशीर एवढा भरतो, की भरपाई बरोबर मोजलेली असली तरी जवळजवळ तिसरा हिस्सा क्रॉसटॉक शिल्लक राहतो. म्हणून भरपाई प्लगच्या संपर्काला जितकी चिकटून तितकी चांगली, आणि वरच्या दर्जाच्या जॅकमध्ये ती दोन-तीन टप्प्यांत विभागलेली असते.

यातून खरेदीचा एक मुद्दा निघतो. जॅकमधली भरपाई ही प्लगमध्ये ठरावीक क्रॉसटॉक होणार असे धरून बेतलेली असते. प्लग त्या मर्यादेबाहेरचा असेल तर कॅट-६ चा महाग जॅक लावूनही लाइन कॅट-५ई च्या पातळीवर उतरू शकते. प्लगमध्ये क्रॉसटॉक ठरल्यापेक्षा कमी असला तरी जॅकची भरपाई उरते आणि तीच नवा क्रॉसटॉक होऊन बसते. तेव्हा जॅक एका दर्जाचे, पॅच कॉर्ड (जॅकपासून संगणकापर्यंतच्या तयार केबल) दुसऱ्या दर्जाच्या, प्लग सुट्या पुडीतले, ही खिचडी नको. १०० मेगाहर्ट्झला एकट्या जोडणीसाठी (प्लग आणि जॅक मिळून) कॅट-५ई ची मर्यादा ४३ डेसिबल आहे आणि कॅट-६ ची ५४. आकडा जितका मोठा तितका क्रॉसटॉक कमी. ४३ म्हणजे शेजारच्या जोडीत सुमारे १४० वा हिस्सा शिरतो, ५४ म्हणजे सुमारे ५०० वा. एवढा काटेकोर जॅक हातात घेऊन मागे तारा दोन इंच उलगडून ठेवल्या तर कारखान्यात केलेले सगळे पाण्यात जाते, कारण त्या उलगडलेल्या तारांतला क्रॉसटॉक भरपाईच्या हिशेबात धरलेलाच नसतो.

जॅक बसवण्याची रीत म्हणून थोडी सविस्तर लिहितो. बाहेरचे आवरण चार-पाच सेंटिमीटर सोलावे. पाते खोल गेले आणि आतल्या इन्सुलेशनवर ओरखडा आला तर तो तुकडा कापून पुन्हा सोलावे. कॅट-६ केबलमधला प्लॅस्टिकचा अधिक-चिन्हासारखा कणा आवरणाच्या तोंडाशी सपाट कापावा. तो लांब राहिला तर जोड्यांना फाकवतो. जोड्या आधीच उलगडून, सरळ करून ठेवायच्या नाहीत. ही आपल्याकडची सर्वांत पसरलेली खोड, प्लग क्रिम्प करायच्या (केबलवर दाबून बसवायच्या) सवयीतून आलेली. जोडी पिळासकट जॅकच्या मागच्या खाचेपर्यंत न्यावी आणि अगदी खाचेच्या दातावरच तिचे दोन पाय वेगळे करावेत. मानकाप्रमाणे पीळ जास्तीत जास्त १३ मिलिमीटर उलगडलेला चालतो. कॅट-६ मध्ये आम्ही ६ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये असे म्हणू, आणि सराव झाल्यावर ते अवघड नाही. रंग जॅकवर छापलेल्या खुणेप्रमाणेच घालावेत, कारण मागच्या खाचांचा क्रम पुढच्या पिनांच्या क्रमासारखा नसतो. एक जोडी दुसरीच्या अंगावरून ओलांडून नेऊ नये. तशी वेळ आली तर केबलच अर्धी फिरवून जॅकला लावावी. तार खाचेत दाबून बसवणाऱ्या पंचिंग टूलचे कापणारे पाते बाहेरच्या बाजूला ठेवावे. स्क्रू ड्रायव्हरने तार दाबू नये. खाच रुंदावते आणि संपर्क सैल राहतो. एका खाचेत दोन तारा तर कधीच नाहीत. शेवटी टोपण लावावे, ते तारांना ताणापासून धरते.

आवरण जॅकच्या जितके जवळ येईल तितके बरे. भिंतीच्या पेटीत केबल कोंबताना तिला तीव्र बाक पडू नये. ६ मिलिमीटर जाडीच्या केबलला किमान २५ मिलिमीटर त्रिज्या लागते, म्हणून उथळ पेटी या कामाला घेऊच नये. जुडगे बांधायला प्लॅस्टिक टायऐवजी वेल्क्रोची पट्टी वापरावी. टाय करकचून आवळला की आतल्या जोड्या दबतात आणि त्यांच्यातले अंतर बदलते.

भिंतीतून येणाऱ्या भरीव तारेच्या केबलवर थेट प्लग क्रिम्प करून तो संगणकात खुपसण्याची पद्धत सोडून द्यावी. केबल जॅकवर संपवावी आणि पुढे कारखान्यात बनलेली पॅच कॉर्ड लावावी. सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी प्लग लावणे भागच असेल तर भरीव तारेसाठीचाच प्लग घ्यावा, आणि प्लगच्या मागची पकड आवरणावर यावी, सुट्या तारांवर नव्हे.

केबलबद्दल एकच सांगतो, पण जोर देऊन. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल कॅट-६ म्हणून विकली जाते. मानकात ती बसत नाही. वजनाला हलकी असते; तार चाकूने खरवडली की पांढरी दिसते. खाचेतल्या पात्याने मुलामा कापला की अ‍ॅल्युमिनियम उघडे पडते, त्यावर ऑक्साइड धरतो आणि प्रतिरोध वाढत जातो.

आता आपल्या उन्हाचा विषय. मानकातले आकडे २० अंश सेल्सिअसला धरलेले असतात. तापमान वाढले की केबलमधली सिग्नलची घट वाढते: ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्का, पुढे ६० पर्यंत दर अंशाला ०.६ टक्का. एप्रिल-मे महिन्यात परभणी किंवा नांदेडच्या शाळेत तापलेल्या पत्र्याखालून गेलेल्या केबलचे तापमान ६० अंशांच्या घरात गेले तर डेसिबलमधली घट सुमारे २० टक्क्यांनी वाढते. जॅकमधला क्रॉसटॉक मात्र तेवढाच राहतो. दूरवरून येणारा सिग्नल क्षीण आणि जवळचा गोंगाट पूर्वीइतकाच, म्हणून डिसेंबरमध्ये काठावर पास झालेली लाइन उन्हाळी परीक्षेच्या दुपारी चुका करू लागते. अशा इमारतीत ९० मीटरची कमाल लांबी पुरी वापरू नये आणि केबल पत्र्याला लागून न नेता भिंतीच्या कडेने, खालून न्यावी.

तपासणीसाठी, लाइन मानकात बसते का ते मोजणारा सर्टिफिकेशन टेस्टर हवा. त्याची किंमत मोठी असल्यामुळे लहान ठेकेदाराने तो विकत घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. भाड्याने घेता येतो. मोजायचे ते जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक, म्हणजे नेक्स्ट. चार जोड्यांच्या सहा जोडगोळ्या होतात, आणि मोजणी दोन्ही टोकांकडून करावी लागते, कारण पलीकडच्या जॅकमधला क्रॉसटॉक इकडे पोहोचेपर्यंत केबलमध्येच विरतो आणि अलीकडून सगळे चांगले दिसते. नापास झाल्यास टेस्टर अंतरानुसार आलेख दाखवतो. शिखर टोकाला असेल तर जॅक पुन्हा पंच करावा. मधे असेल तर केबल कुठेतरी दबली आहे.

आमची मागणी जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि शिक्षण संस्थांकडे आहे. निविदेत ‘कॅट-६ केबलिंग’ एवढे लिहून भागत नाही. केबल, जॅक, पॅच पॅनेल (स्विचजवळची जॅकची पट्टी) आणि पॅच कॉर्ड एकाच दर्जाच्या आणि शक्यतो एकाच उत्पादकाच्या. प्रत्येक पॉइंटचा कॅट-६ परमनंट लिंक (पॅच कॉर्ड वगळून कायमची बसवलेली लाइन) चाचणीचा अहवाल, दोन्ही टोकांच्या नेक्स्टसह, टेस्टरमधून निघालेल्या मूळ फाइलच्या रूपात. आणि अहवालातला क्रमांक फेसप्लेटवरच्या (जॅकच्या भिंतीवरील झाकणावरच्या) क्रमांकाशी जुळलेला. बिलाचा शेवटचा हप्ता हा अहवाल आल्यावरच द्यावा. आयटीआयमधल्या कोपा (संगणक ऑपरेटर) आणि इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या मुलांना प्लग क्रिम्प करण्याबरोबर जॅक पंच करणे शिकवावे, आणि मुद्दाम स्प्लिट पेअर बनवून आठ दिव्यांचा टेस्टर तिला कसा पास करतो हे एकदा डोळ्यांनी पाहू द्यावे.

जिथे काम होऊन गेले आहे तिथे निविदेची वाट पाहायची गरज नाही. व्यवस्थापनाची सोय असलेल्या स्विचवर प्रत्येक पोर्टचे सीआरसी एररचे, म्हणजे खराब पोहोचलेल्या पॅकेटांचे, आकडे दिसतात. ते शून्यावर आणून ठेवावेत, दिवसभर वर्ग चालू द्यावा आणि संध्याकाळी पाहावे. ज्या पोर्टचा आकडा वाढत गेला त्याची पॅच कॉर्ड आधी बदलावी. तरीही वाढत असेल तर फेसप्लेट उघडून मागे पीळ किती उलगडला आहे ते पट्टीने मोजावे आणि जॅक नव्याने पंच करावा. गिगाबिटऐवजी १०० वर अडकलेला पोर्ट हा बहुधा वेगळा दोष असतो: ४-५ किंवा ७-८ मधली एखादी तार सुटलेली. ती मात्र आठ दिव्यांच्या टेस्टरवरही सापडते.

– नेटवर्क केबलिंगचे काम करणारे तंत्रज्ञ,
जालना व परभणी