पहिल्या सॉकेटातला व्हॉल्व्ह

खानापूर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ब्लूज ज्युनिअर या फेंडरच्या गिटार अँपसाठी जुने मलर्ड व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, घेऊ की त्याच नावाने आता निघतात ते, असं विचारलंयस. तिन्ही जुने घेऊ नकोस. हौसच असेल तर एक घे आणि तो इनपुटजवळच्या पहिल्या सॉकेटात लाव. उरलेल्या दोन जागी आजचे नवे, पण तपासून दिलेले, व्हॉल्व्ह पुरतात.

तुझ्या अँपमध्ये सुरुवातीला सिग्नल वाढवणारे १२एएक्स७ (प्रीअँप व्हॉल्व्ह) तीन आणि शेवटी स्पीकरला ताकद देणारे ईएल८४ दोन. दुकानदार ईसीसी८३ म्हणाला तर गोंधळू नकोस, १२एएक्स७ चंच ते युरोपातलं नाव. गिटारचा सिग्नल अगदी बारीक असतो. पहिला व्हॉल्व्ह तो पन्नास-साठ पट करतो आणि पुढचे टप्पे तो आणखी वाढवत नेतात. म्हणजे पहिल्याची खरखरही तितकीच वाढून स्पीकरपर्यंत येते. शेवटचा १२एएक्स७ फेज इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नलच्या एकमेकांच्या उलट दोन प्रती करून दोन ईएल८४ ना देणारा. सिग्नल तिथे पोचेपर्यंत एवढा मोठा झालेला असतो की त्या व्हॉल्व्हची स्वतःची खरखर कानाला लागतच नाही. तिथे टेलिफुंकनचा जुना जर्मन व्हॉल्व्ह लावणं म्हणजे पैसे मलप्रभेत सोडणं. त्या जागी व्हॉल्व्हचे दोन्ही ट्रायोड, म्हणजे एकाच काचेतले दोन अर्धे, जवळपास सारखे असले की झालं.

आता नावांचं. मलर्डचे खरे व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला बनायचे, तो कारखाना कधीच बंद झाला. आज मलर्ड, टुंग-सोल, जेनलेक्स गोल्ड लायन, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक ही सगळी नावं न्यू सेन्सर या एकाच कंपनीकडे आहेत आणि माल रशियातल्या साराटोव्हचा. व्हॉल्व्हच्या आत धातूची पत्री असते ती प्लेट, तिची लांबी-घडण वेगवेगळी असते, त्यामुळे आवाजात फरक पडतो. पण डब्यावर मलर्ड छापलंय म्हणून आत ब्लॅकबर्नची घडण आहे असं समजू नकोस. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा या सगळ्या नावांचा माल एकदमच अडकला होता. जेजे या कंपनीचे व्हॉल्व्ह स्लोव्हाकियाचे. माझं मत विचारशील तर दुसऱ्या-तिसऱ्या जागी जेजे ईसीसी८३एस लाव. प्लेट आखूड, त्यामुळे धक्का सोसतो, आणि बाजारात मिळतोही.

जुना घेताना काचेवरच्या छपाईवर जाऊ नकोस. ती अंगठ्याने पुसली जाते, आणि पुसून दुसरं नाव छापायलाही वेळ लागत नाही. मलर्डच्या काचेला खालच्या बाजूला, पिनांच्या जरा वर, कोरल्यासारखा फिकट कोड असतो. तो नखाने जात नाही. दोन ओळी असतात. वरच्या ओळीत प्रकार, ईसीसी८३ साठी आय६१, आय६३ असं काहीतरी. खालच्या ओळीत समज बी६डी२ आहे: बी म्हणजे ब्लॅकबर्न, ६ हा सालाचा शेवटचा आकडा, डी म्हणजे एप्रिल, २ म्हणजे दुसरा आठवडा. साल १९५६ की १९६६, ते वरच्या ओळीवरून आणि प्लेटच्या घडणीवरून ठरतं. टेलिफुंकनच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेली पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असते. वरच्या टोकाचा चंदेरी लेप बघ. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. ‘न वापरलेला’ म्हणून विकतायत आणि पिनांवर उभे चकाकते ओरखडे आहेत, तर तो सॉकेटात जाऊन आलेला आहे. तसा चालतोही, पण मग नव्याचा भाव द्यायचा नाही.

विकणाऱ्याकडून दोन्ही ट्रायोडचे वेगवेगळे आकडे माग. २५० व्होल्ट प्लेटला १.२ मिलिअँपियर करंट आणि सिग्नलच्या दर व्होल्टला करंटात १.६ मिलिअँपियरचा फरक, हे पुस्तकातले आकडे. एक अर्धा याच्या आसपास आणि दुसरा निम्म्यावर आला असेल तर सोडून दे. टेस्टरवर नुसता ‘गुड’ आला यावर भागत नाही. खरखर आणि टणटण टेस्टरला कळत नाही, ती अँपमध्येच कळते. म्हणून परत घेण्याची बोली आधी करून घे.

बेळगावात जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे खोक्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे आपल्या बेंगळुरूचे, व्हॉल्व्ह अजून सापडतात. फिलिप्सच्या सहकार्याने बनलेला माल, चांगला. त्यात ईसीसी८३ दिसला तर घासाघीस न करता घे. पण आकडा नीट वाच. ईसीसी८५, ईसीसी८८ आणि रशियन ६एन२पी हे त्याच नऊ पिनांच्या सॉकेटात बसतात, पण त्यांचं फिलामेंट (आतली तापणारी तार) ४ आणि ५ या पिनांवर असतं आणि ९ वर नुसती आतली ढाल. तुझ्या अँपमध्ये ४ आणि ५ एकत्र जोडलेल्या असतात आणि दुसरी तार ९ वर. त्यामुळे ते पेटणारच नाहीत आणि अँप बंद पडला असं वाटेल. ईसीसी८२ पेटेल, पण त्याचा गुणक (सिग्नल जास्तीत जास्त किती पट करू शकतो तो आकडा) वीसच्या आत, १२एएक्स७ चा शंभर. आवाज एकदम बसेल.

याच गोष्टीचा उपयोगही होतो. टिळकवाडीतल्या खोलीत अँपचा आवाज लवकर फाटतो म्हणतेस, तर पहिल्या जागी ५७५१ हा व्हॉल्व्ह लावून बघ, गुणक सत्तर. आणखी मऊ हवा असेल तर १२एवाय७, चव्वेचाळीसच्या आसपास. पन्नासच्या दशकातले फेंडर पहिल्या जागी हाच वापरायचे. मलर्डच्या निम्म्याहून कमी पैशात आवाजात जास्त फरक पडेल.

बदलताना प्लग भिंतीतून काढ आणि पंधरा मिनिटं थांब. व्हॉल्व्ह सरळ ओढ, फार तर अगदी लहान गोल हलवत. या अँपमध्ये सॉकेट छापील बोर्डावर टाका मारून बसवलेले आहेत. जोरात डुलवलंस तर टाका तडकतो, आणि मग खरखर व्हॉल्व्हची समजून तू नवा घेत बसशील. बसवताना पिनांमधली मोठी फट सॉकेटशी जुळव, तिरकं दाबू नकोस. प्रीअँप व्हॉल्व्हला बायस (सिग्नल नसतानाचा करंट) लावावा लागत नाही. चेसिस मात्र उघडू नकोस, आत तीनशे व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते राहतं.

मग गिटार न जोडता व्हॉल्यूम निम्म्यावर ठेव आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मार. पहिल्यावर ‘टक’ येणारच. ‘टणणण’ करून घुमला तर त्याला शेवटच्या जागी टाक. तुझा अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात, सगळा हादरा व्हॉल्व्हला बसतो. लांब प्लेटचे जुने इथेच शिट्टी मारायला लागतात. नुसतीच खरखर असेल तर अँप बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढ आणि पुन्हा चालू कर. खरखर तशीच राहिली तर दोष पुढे आहे. मग फेज इन्व्हर्टरही तसाच काढून बघ. पावसाळ्यात सॉकेटच्या पत्त्या काळ्या पडतात. पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बंद अँपमध्ये व्हॉल्व्ह तीन-चार वेळा घाल-काढ केलं की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

गणपतीत मंडपातल्या जनरेटरवर वाजवणार असशील तर आधी मीटरने व्होल्ट बघ. फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. २३० च्या अँपला २५० मिळाले तर ६.८५ होतात, म्हणजे अगदी काठावर. त्यावर गेलं तर जुना असो की नवा, आयुष्य घटतं. स्टॅबिलायझर घेऊन जा.

आणि हे सगळं करण्याआधी ते दोन ईएल८४ बघ. ब्लूज ज्युनिअर त्यांना फार तापवतो आणि बायस कमी करायला पेच दिलेला नाही. आवाज मंद, थकल्यासारखा येत असेल तर बहुधा तेच उतरलेत. जोडी जुळवलेली घे. ते शेवटचे कधी बदलले ते कळव, आणि मलर्डवाल्याकडून तळाच्या कोडचा जवळून काढलेला फोटो मागव. पैसे भरायच्या आधी तो मला पाठव.

– बाबा