विद्यापीठाच्या आवारातील कुत्री आणि उन्हाळी सुट्टी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची भटकी कुत्री पकडावीत, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. त्यावर प्राणिप्रेमी आणि त्रासलेले नागरिक दोघेही तळमळीने बोलत आहेत. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठात अकरा वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. या सगळ्या चर्चेत मला एक गोष्ट कुठेच दिसत नाही, म्हणून हे पत्र. आवारातली कुत्री आमच्या मेसच्या खरकट्यावर वाढतात आणि आमच्या सुट्ट्यांत उपाशी राहतात. प्रश्न चिघळतो तो तिथे.

आमच्या मेसच्या मागे सिमेंटचा एक उघडा हौद होता. तीनशे मुलींच्या ताटातली अर्धी पोळी, भात, आमटी दोन्ही वेळेला त्यात पडायची. शिवाय मुली जिन्यात, दारात बिस्किटे घालायच्या. घर सोडून आलेल्या पोरींना त्या जिवांचा लळा लागायचा, त्यात त्यांचे काही चुकत होते असे मला आजही वाटत नाही. पण कुत्री वर्षातून दोनदाही विऊ शकते आणि दोन महिन्यांत पिल्ले होतात, हा हिशेब कोणीच ठेवत नव्हते. मग मे महिना यायचा. परीक्षा संपायची, मेसला कुलूप लागायचे, मुली पिल्लांचे फोटो काढून गावी जायच्या. भर उन्हात नळसुद्धा बंद. हातात पिशवी असलेला माणूस म्हणजे खाणे, एवढे त्या कुत्र्यांना आम्हीच शिकवलेले असायचे. त्यामुळे जूनमध्ये पहिल्या वर्षाची नवी मुलगी बॅग घेऊन फाटकातून आत आली की ती कुत्री तिच्याभोवती धावायची. मुलगी घाबरून पळायची आणि कुत्री मागे लागायची.

अशाच एका जूनमध्ये सायकल स्टँडजवळ व्यालेली एक कुत्री एका मुलीच्या पोटरीला चावली. ही तीच ढवळी, जिला आदल्या वर्षीच्या मुली हाताने दूध-पोळी भरवायच्या. पहारेकऱ्याने जखमेवर हळद-तिखट दाबले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. सरकारी दवाखान्यात लस मिळाली. पण रक्त आलेल्या चाव्यासाठी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, ते तिथे संपलेले होते. रात्री जीप करून दुसऱ्या शहरात जावे लागले. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाहीच, हे त्या प्रवासात डॉक्टरांनी फोनवर सांगितले. शेजारी बसलेल्या त्या पोरीला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन कानाला घट्ट धरून बसले होते. ती बरी आहे. पण तो रस्ता मला आजही आठवतो.

त्यानंतर आठवड्याभराने रात्री एक टेम्पो आला आणि आवारातली कुत्री भरून कुठल्याशा गावाच्या शिवेवर सोडली गेली. माहेरवाशिणीसारखी जपलेली ढवळीही त्यात गेली. लेखी आदेश नव्हता, विचारणार कोणाला? आणि महिन्याभरात आवारात नवी कुत्री दिसू लागली. ना नसबंदी झालेली, ना लस टोचलेली, मुलींना अजिबात न ओळखणारी. हौद तसाच उघडा होता. ज्या गावाच्या शिवेवर जुनी सोडली, तिथल्या लहान मुलांचे काय झाले असेल, हा विचार आजही टोचतो.

आमच्या माहितीपुस्तिकेत प्राण्यांविषयी एकच ओळ होती: ‘वसतिगृहात प्राणी पाळण्यास सक्त मनाई आहे.’ एवढेच आमचे धोरण. आवारात साप निघाला की कोणाला बोलवायचे ते शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळ्यांना माहीत, सर्पमित्राचा नंबर भिंतीवर रंगवलेला. कुत्रे चावले तर कोणाला सांगायचे, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

न्यायालयाच्या आदेशात प्रत्येक संस्थेला कुंपण घालायला आणि एक नोडल अधिकारी, म्हणजे या कामाला जबाबदार असा अधिकारी, नेमायला सांगितले आहे. प्राण्यांजवळ कसे वागावे, चावल्यावर प्रथमोपचार काय करावा, हे विद्यार्थ्यांना शिकवायलाही सांगितले आहे. हे मला फार मोलाचे वाटते. काळजी आहे ती निवाऱ्यांची. लहान नगरपालिकांकडे नसबंदीची सोय नाही, तिथे शेकडो कुत्री आयुष्यभर कोण सांभाळणार? आयआयटी मद्रासचा अनुभव समोर आहे. चेन्नईतल्या गिंडीच्या जंगलातल्या त्या आवारात काळवीट आणि चितळ आहेत, कुत्री त्यांच्या मागे लागत. संस्थेने कुत्री कोंडून ठेवली, त्यातली बरीच मेली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. हरणे वाचवायलाच हवी होती. पण कुत्री कोंडायची तर रोजचे पाणी, अन्न, डॉक्टर यांची तजवीज आधी लागते.

म्हणून माझी सर्व विद्यापीठांना विनंती आहे की, नोडल अधिकाऱ्याच्या हाती आधी मेसचे खरकटे द्यावे. झाकणबंद पिंपे आणि रोजची उचल, किंवा सरळ बायोगॅस. हे झाले नाही तर आजची कुत्री हलवल्यावर उद्या दुसरी येतीलच. कुत्री हटेपर्यंत ती उपाशी राहू नयेत, पण खाणे घालायची जागा जिन्यापासून, दारापासून लांब ठरवून द्यावी. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही असेच म्हटले आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्याशी जवळच्या विद्यापीठांनी करार केला तर नसबंदी आणि लसीकरण नियमित होईल आणि त्या विद्यार्थ्यांचा हातही बसेल.

प्राध्यापकांच्या निवासस्थानांचेही बोलायला हवे. बदली झाली, निवृत्ती आली की पाळलेला कुत्रा आवारात सोडून जाणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. तो कुत्रा कित्येक दिवस त्याच बंद दाराशी बसून राहतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राणी असा टाकून देणे गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्याची भीती कोणाला वाटणार? क्वार्टर सोडताना वीजबिलाचा ना-हरकत दाखला लागतो, तसाच पाळीव प्राणी कुठे नेला याचाही मागावा.

आणि एप्रिलमध्ये वसतिगृहे रिकामी करण्याची जी सूचना फळ्यावर लागते, तिच्यात आणखी दोन ओळी असाव्यात. सुट्टीत आवारातल्या जनावरांना पाणी-खाणे कोण देणार त्याचे नाव, आणि जूनमध्ये मुली परत येण्याआधी लसीकरण कोणत्या तारखेला होणार ती तारीख.

आपली,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षिका